जानराव रामटेकेची जाळी

जानराव रामटेकेच्या नाकावर राग बसते असं म्हणाची सोय नाही. बसलेला माणूस कधी तरी उठते. जानरावच्या नाकावर रागानं जागा घेतली, घर बांधलं अन् समोर ओटा काढला. भिलाईतल्या खुर्सीपारच्या त्याच्या गल्लीत पोट्टे क्रिकेट खेळत. बॉल जानरावच्या अंगणात गेला का तो मेला असं समजून नवीन बॉल आणत. भाजीवाली त्याच्या दारापुढून आवाज न देता जाये. बायको सुनिता घरी ब्लाउज शिवे, तं गिऱ्हाईक बाया आधी फोन करून इचारत, "भाऊजी घरी आहेत का?" आहेत म्हटलं का मंग उद्या येत.

हा सगळा राग जन्माचा नव्हता. थोडा जन्माचा होता, बाकीचा कमावलेला.

बाप भंडाऱ्याकडून भिलाईले पोलादाच्या कारखान्यात आला अन् भट्टीपाशीच खपला. जानराव लाकडाकडं वळला. नंदिनी रोडवरच्या एका फाउंड्रीत तो पॅटर्न मेकर झाला. लोखंडाची जी वस्तू ओताची, तिचा नमुना आधी लाकडात घडवा लागते. तो नमुना वाळूत दाबाचा, काढून घ्याचा, अन् जो खड्डा राहिला त्यात वितळलेला रस सोडाचा. पंपाचं पोट, दातेरी चाकं, भट्टीची झाकणं, सगळं आधी जानरावच्या हातून सागवानात जन्माले येई. "लोखंडाचा बाप लाकूड आहे," असं तो म्हणे, अन् लाकडाचा बाप कोण ते सांगाची गरज नसे.

त्या पॅटर्न शॉपचा एक कायदा होता. घरची पट्टी, बाजारातला टेप आत न्याचा नाही. दारात उस्ताद बसे अन् नव्या पोऱ्याचे खिसे तपासे. शॉपची पट्टी शॉपमध्येच मिळे, पोलादाची, फूटभर. कावून, ते उस्ताद एकदाच सांगे, कानशिलात ठेवून सांगे. त्याच्यावर पुन्हा कोणी इचारत नसे. जानरावले सांगितलं तवा त्याले मिसरूड फुटून राहिलं होतं. तवापासून ती पट्टी त्याच्या पँटच्या मागल्या खिशात. बसताना टोचे म्हणून तो खुर्चीत तिरपा बसे. लोकाले वाटे, हा माणूस उठून भांडाच्या तयारीतच बसते.

मंग सेठनं कंप्युटरवर चालणारी मशीन आणली. चित्र काढा, बटण दाबा, लाकूड आपोआप कोरल्या जाते. विश्वकर्मा पूजेच्या दिवशी मशीनले हार घातला अन् सेठनं नारळ जानरावपुढं धरला.

"तू सबसे पुराना है. तू फोड़."

"सेठ, मैं ये सब नहीं करता. आपको मालूम है."

"अरे, एक नारियल में क्या बिगड़ता है?"

जानरावच्या बापानं नागपुरात बाबासाहेबांसमोर बसून दीक्षा घेतली होती. ते एका नारळासाठी पुसून टाकाचं का? त्यानं हात मागं बांधले. शॉपमध्ये कुजबुज झाली, का मशीन आपली भाकर खाईन म्हणून जानराव रुसला. खरं म्हणजे दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, अन् म्हणूनच त्याची तळपायाची आग मस्तकात गेली.

पुढच्या थंडीत सेठनं त्याले, "काम आएगा तो बुलाएंगे," असं सांगून घरी धाडलं. आपले रंधे-पटाशा आणाले तो गेटवर गेला, तं चौकीदार शेकोटी पेटवून बसला होता. शेकोटीत दातेरी चाक होतं. जानरावच्या हातचं. अर्धे दात जळाले होते, अर्धे शाबूत होते.

"बढ़िया लकड़ी है भैया," चौकीदार हात शेकत म्हणाला. "धुआँ बिल्कुल नहीं देती."

जानरावनं त्या चौकीदाराले काय म्हटलं ते इथं लिहाजोगतं नाही. घरी येऊन सुनिताले म्हणाला, "ती मशीन सेठच्या बापानं जन्माले घातली का? मी बी बांधतो."

"बांधा," सुनिता म्हणाली. "पण माह्या कपड्यावर भुसा पडला तं पाह्यजा."

घरामागं टिनाचा शेड होता. त्यात मशीन उभी राहू लागली. सुपेल्याच्या भंगार बाजारातून चौकोनी पाइप आणून त्यानं सांगाडा वेल्ड केला. रुळावाणी दोन दांडे बसवले. मोटरी तीन: एक कटरले डावी-उजवीकडं नेते, एक मागं-पुढं, तिसरी खाली-वर. तळहाताएवढी एक पाटी, तिले कंप्युटरची भाषा समजते अन् ती मोटरीले हुकूम देते. वायरिंग पोरीनं केलं. संघमित्रा मेकॅनिकलची डिप्लोमावाली, स्मृति नगरात एका ठेकेदाराच्या ऑफिसात ड्रॉइंग काढाले जाये. बापाचं नाक तिनंच घेतलं होतं, त्याच्यावरच्या रहिवाशासकट.

दोघं मिळून काम करत म्हणजे भांडत. कटर सुरू केलं का लॅपटॉपचा अन् पाटीचा संबंध तुटे. बाप म्हणे वायर खराब, पोरगी म्हणे अर्थिंग खराब. आठवडाभर दोघं एकमेकांशी फक्त सुनिताच्या मार्फत बोलले. शेवटी अर्थिंगच खराब निघालं. जानरावनं ते कबूल केलं नाही. गुपचूप अंगणात खड्डा खोदला, नवा रॉड गाडला अन् म्हणाला, "तुही वायर बी काही लय मोठी शहाणी नाही."

हे चालू असतानाच विहारात मीटिंग झाली. वस्तीतलं बुद्ध विहार नवं बांधून राहिले होते. बुद्धमूर्तीच्या मागं भिंतीत एक मोठा कोनाडा ठेवला होता, त्याले ग्रॅनाइटची चौकट. त्यात काय बसवाचं ते ठरवाचं होतं. कमिटीचे अध्यक्ष शामराव. कारखान्यात बाबू होते, रिटायर होऊन स्मृति नगरात राहाले गेले, पण अध्यक्षपद काही सोबत नेलं नाही, इथंच ठेवलं.

"रायपूरला सोनेरी अॅक्रिलिकचा पॅनल मिळतो," शामराव म्हणाले. "मागून लाइट. बटण दाबलं की रंग बदलतो."

जानराव तिरपा बसला होता, तसाच उठला. "भगवान बुद्धाच्या मागं रंग बदलणारा लाइट? वरातीचा घोडा आहे का तो?"

बाया हासल्या. शामराव हासले नाही.

"मंग तुमच्याकडं काय आहे, जानराव?"

"सागवानाची जाळी. पिंपळपानाची. मधात आठ आऱ्याचं धम्मचक्र. माह्या मशीनवर कोरून देतो."

"तुमची मशीन आधी सुरू तर होऊ द्या."

"होईन."

"अन् नाही बसली जाळी तर? पौर्णिमेला उद्घाटन आहे. पाहुणे येणार आहेत."

इथं शहाणा माणूस गप बसते. जानराव म्हणाला, "नाही बसली तं त्या मशीनचं भंगार करून तुमच्या स्मृति नगरच्या दारात आणून टाकतो. सगळ्यायच्या समोर सांगतो."

"ऐकलं ना सगळ्यांनी?" शामराव म्हणाले. त्यायले बाबू असल्यापासून साक्षीदाराची सवय.

आता मशीन होती पण तिले काय कोराचं ते सांगणारं सॉफ्टवेअर पाह्यजे होतं. जानराव पावर हाउस बाजारातल्या भूषणकडं गेला. भूषणचं कंप्युटरचं दुकान. त्यानं खिशातून पेनड्राइव्ह काढला, जसा काही प्रसाद.

"काका, यही है. रायपूरपर्यंत सगळे हेच वापरतात. असली घ्याचं म्हटलं तर घर विकावं लागन. यह जुगाड़ वाला है. फक्त नेट बंद ठेवजा, नाही तं त्याले समजते."

"काय समजते?"

"का आपण चोर आहे."

त्या चोरीच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार नक्ष्या खच्चून भरल्या होत्या. मोर, कलश, पलंगाच्या उशाची फळी, देव तं इतके का मोजता येत नाही. धम्मचक्र नव्हतं. भूषण म्हणाला, "रथाचं चाक टाका ना काका, मोजून कोण पाहते आरे?"

"तुह्या बापाच्या फोटोखाली दुसऱ्याचं नाव टाकू का? कोण पाहते?" जानराव म्हणाला, पण पेनड्राइव्ह घेऊन आला.

आधी परीक्षा म्हणून त्यानं शंभर मिलिमीटरचा चौकोन कापला. मागल्या खिशातून पट्टी काढली. नव्व्याण्णव.

पुन्हा कापला. नव्व्याण्णव.

"चोर तो चोरच," जानराव गरजला. "शंभरात एक खाऊन राहिला!"

मंग इंटरनेटवरचं एक पाह्यलं. ते ब्राउझरमध्येच उघडे, दिसाले गोड, बटणं मोठी मोठी. नेट गेलं का काम तिथंच लटके, अन् चांगल्या गोष्टी पाह्यजे असन तं महिन्याचं भाडं मागे. त्याच्यावर चौकोन कापला. नव्व्याण्णव.

"हा बी खाते!"

संघमित्रा दारात उभी राहून पाहत होती. म्हणाली, "बाबा, मी कवाची सांगून राहिली. जे फुकट अन् खुलं आहे ते घ्या. लोकांनी मिळून बनवलं आहे, कोणाची चोरी नाही, भाडं नाही, नेट नाही. अपना चक्र अपन खुद बनाएंगे."

"फुकटच्या गाईचे दात कोण मोजते?"

"तुम्ही मोजाच. आतापर्यंत सगळ्यायचे मोजले ना?"

फुकटवालं मोठं खाष्ट निघालं. तयार काहीच देत नसे. एक पिंपळपान काढाचं तं रेघ रेघ वाकवा लागे. अन् चित्र झाल्यावर कटरची वाट आखाले पुन्हा त्याच सॉफ्टवेअरच्या दुसऱ्या खोलीत जा लागे. पण संघमित्रानं एक पान काढलं का त्याची हजार होत, लहान-मोठी, डावी-उजवी. आठ आरे तिनं एका आऱ्यापासून फिरवून घेतले. जानराव मागं उभा राहून पाहे, अन् त्याले राग येई का हे आपल्याले आवडून राहिलं. देठ कसं वळवाचं ते त्यानं सांगितलं. ती म्हणाली, "हाव, असं चांगलं दिसते." दोघं बापलेक जेवण विसरले.

मंग चौकोन कापला. नव्व्याण्णव.

जानरावनं तो तुकडा असा फेकला का टिनाच्या शेडवरून कबुतरं उडाली. "सारे एका माळेचे मणी! चोरीचं खाते, भाड्याचं खाते, तुहं धर्मादाय बी खाते!"

"चिल्लाओ मत," संघमित्रा बी तापली. "तिन्ही सारखंच कमी देतात तर सॉफ्टवेअरचा दोष कसा? मोटरीचा आकडा चुकला असन. एक मिलिमीटर सरकाले मोटर किती फिरली पाह्यजे, तो आकडा बदलता येतो. मापा, मी बदलते."

तिनं आकडा वाढवला. जानरावनं मापलं. शंभर. अगदी रेघेवर रेघ. त्यानं शिवी न देता पट्टी खिशात घातली; त्याच्याकडून त्याहून मोठी शाबासकी कोणाले कधी मिळाली नव्हती.

कोनाड्याचं माप मनहरण मिस्त्रीनं दिलं. मनहरण अहिवाऱ्याचा छत्तीसगढी माणूस, विहाराचं सगळं काम त्याच्या हातचं. त्यानं टेप लावला अन् संघमित्राले फोनवर सांगितलं: रुंदी सहाशे, उंची नऊशे. जानरावनं जुन्या क्वार्टरच्या दाराचं सागवान आणलं, साफ केलं, जोडलं. मशीन चालली. गल्ली कावली, भुसा सुनिताच्या मशीनवर, डाळीत, गादीत. पण जाळी निघाली तवा शेजारीण वच्छलाबाई, जी भुशावरून रोज भांडे, ती बी पदरानं पानं पुसत उभी राहिली. वच्छलाबाई म्हणजे विहाराच्या महिला मंडळाची म्होरकी. म्हणाली, "जानरावभाऊ, पान हालते का काय हे!"

काठापर्यंत पानं होती. बॉर्डर नावाची चीज जानरावनं ठेवलीच नव्हती. बॉर्डर म्हणजे माप चुकणाऱ्यायची सोय, असं त्याचं मत. त्यानं पट्टी लावली. सहाशे, नऊशे. जाळी ओढणीत गुंडाळून विहारात नेली. शामराव होते, मनहरण होता, महिला मंडळ होतं.

जाळी कोनाड्याले लावली. ती आत गेली नाही.

वरून पाह्यलं, खालून पाह्यलं. पेन्सिलीच्या जाडीएवढी जास्त.

"असं कसं?" जानरावनं जाळीवर पट्टी लावली: सहाशे. मंग चौकटीत लावली. दोनदा लावली. चौकट सहाशेले कमी भरत होती. तो मनहरणकडं वळला अन् त्याचा आवाज रस्त्यावर गेला. "ठग आहेस तू! माप एक सांगतं अन् चौकट दुसरी बसवतं! ग्रॅनाइट वाचवलं का?"

"मोर टेप झूठ नइ बोलय, कका."

"मंग माही पट्टी खोटी बोलते? फाउंड्रीची पट्टी आहे ही! तू जन्मला नव्हतास तवापासूनची!"

मनहरणनं थापी घमेल्यात टाकली, हात धुतले, अन् सायकल काढून गेला. विहाराच्या पायऱ्या अर्ध्याच राहिल्या.

"रंधा मारा ना जानराव," शामराव गोड आवाजात म्हणाले. "दोन्हीकडून जराजरा पानं कापली तर बसेल."

"पानं कापू? तुमचे कान कापू का दोन्हीकडून, टोपी बसत नाही म्हणून?"

"मग राहू द्या. मी रायपूरला फोन करतो. अन् ते भंगार कधी आणता? गेट उघडं ठेवतो."

जानराव घरी आला अन् पाना घेऊन सरळ शेडमध्ये शिरला. बोलला ते करतो, असा तो माणूस. पहिल्या मोटरीचे बोल्ट त्यानं ढिले केले. संघमित्रा मधात उभी राहिली.

"हात मत लगाना. आर्धी मशीन माही आहे."

"तुह्या फुकटच्यानंच घात केला! वर शंभर दाखवते, आतून फुगवते!"

"जाळी तुम्ही स्वतः मापली! तुमच्या पट्टीनं!"

"हो, मापली! बरोबर होती!"

"तर मंग भांडता काहाले माह्याशी?"

सुनिता भाकरीचे हात घेऊनच आली. ती नवऱ्याच्या रागाशी कधी भांडत नसे. त्याच्या बाजूनं आपलं काम करत निघून जाये. तिनं गळ्यातला शिवणाचा टेप काढला अन् त्या कापलेल्या चौकोनाले लावला, जो पट्टीवर शंभर भरला होता.

"हा तं शंभराच्या वर आहे," ती म्हणाली.

"तुहा टेप ताणला आहे. बायाच्या कमरी मापून मापून."

"ताणला टेप कमी दाखवते, जास्त नाही," सुनिता म्हणाली. "इतकं मलेही समजते."

संघमित्रा आत गेली, ऑफिसचा टेप घेऊन आली. तोही म्हणे, शंभर अन् वर एक. मंग तिनं दोन्ही टेप अन् बापाची पट्टी जमिनीवर शेजारी शेजारी मांडली. एका टोकाले तिन्ही बरोबर. तीनशे मिलिमीटरच्या रेघेपाशी टेप अन् टेप एकमेकाले जुळले, अन् पट्टीवरचा तीनशे त्यायच्या पुढं निघून गेला.

जानराव उकिडवा बसला. पट्टीवर अंगठा ठेवला. अन् त्याच्या कानशिलात, इतक्या वर्षानंतर, उस्तादाचा हात पुन्हा वाजला.

लोखंड थंडं झालं का आकसते. म्हणून लाकडाचा नमुना थोडा मोठाच घडवा लागते, शंभराले एक. दर वेळी हिशेब करत बसा नाही म्हणून पॅटर्न शॉपची पट्टीच मोठी बनवतात. तिच्यावरचा एकेक मिलिमीटर जरा फुगवलेला. ड्रॉइंगवर सहाशे आहे, पट्टीवर सहाशे मापा, नमुना आपोआप मोठा होते, अन् ओतलेलं लोखंड आकसून बरोबर सहाशेवर येते. म्हणून तिथं साधी पट्टी नेता येत नव्हती. दोन पट्ट्या एका शॉपमध्ये राहिल्या का सत्यानाश. जानरावले हे सारं माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच तो विसरला. आपल्या नाकाकडं कोण पाहते? उभी उमर त्याच्यासाठी पट्टी एकच होती, अन् जगात बाकीच्या पट्ट्या आहेत ते त्याले आठवाची कधी गरजच पडली नव्हती.

लाकूड तं आकसत नाही. अन् तिन्ही सॉफ्टवेअर बिचारे निरपराध होते. चोरीचं सुद्धा.

"मंग ते कपाटाचं दार," सुनिता हळूच म्हणाली, "जे लग्नापासून लागत नाही..."

"तू चूप!" जानराव ओरडला. पण त्याच्या ओरडण्यात आज दम नव्हता, अन् ते कळून तो अजून चिडला. "मले आधी कावून नाही सांगितलं कोणी?"

"तुम्हाले?" मायलेकी एकदमच म्हणाल्या.

सकाळी तो संघमित्राच्या स्कूटीवर मागं बसला अन् अहिवाऱ्याले गेला. मनहरण एका घराच्या दुसऱ्या मजल्यावर बांबूचा पालक बांधून, त्याच्यावर चढून प्लास्टर करून राहिला होता. खाली पाच-सात मजूर, बाजूले चहाची टपरी. जानराव खालीच उभा राहिला, मान वर करून.

"मनहरण! तुहा टेप खरा आहे!"

मनहरणनं खाली पाह्यलं. "जोर से बोल, कका. ऊपर नइ सुनात हे."

"टेप तुहा खरा! माही पट्टी खोटी!"

"काय कहे?"

"अबे, ऐकून तं राहिला सारं! माही पट्टी ओतकामाची होती, लाकडाची नव्हती! चूक माही! तू ठग नाही! अजून काय पाह्यजे, ढोल आणू?"

टपरीवरचे लोक उठून उभे राहिले. कोणाले वाटलं मारामारी होईन. माफी इतक्या शिव्या देल्यावाणी मागतात, ते अहिवाऱ्यात कोणी पाह्यलं नव्हतं. मनहरण सावकाश पालकावरून उतरला, हात पुसले.

"तैं मोला उहाँ सबके आगू ठग कहेस," तो विहारातल्या त्या शब्दाची याद देत म्हणाला. "इहाँ सब झन सुन डारिन. चल, बराबर होगे. चहा पी."

जानरावनं चहा पेला. साखर जास्त होती, त्याच्यावरून टपरीवाल्याशी भांडला.

पट्टीची चूक सांगून, मशीन भंगारात न टाकता जाळी पुन्हा कोरू द्या, हे विहारात मनहरणनंच बोललं, अन् वच्छलाबाईनं पुढं रेटलं. तिनं आपल्या जुन्या दिवाणाच्या फळ्या देल्या, सागवानाच्या. शामराव म्हणाले, पौर्णिमेपर्यंत होणार नाही, कोनाडा उघडा दिसेल, पाहुण्यांसमोर काय इज्जत राहील, रायपूरचा माल उद्या येते.

"येऊ द्या," वच्छलाबाई म्हणाली. "तुमच्या स्मृति नगरच्या हॉलात लावजा. रंग बदलत बसा. भगवान बुद्ध झाडाखाली बसले तवा मागं काय होतं? काहीच नव्हतं. कोनाडा मोकळा राहीन."

उद्घाटन तसंच झालं. मोकळा कोनाडा, पुढं मूर्ती. पाहुण्यानं भाषणात तारीफ केली का साधेपणा मोठा आवडला. शामरावनं माइकवरून तो साधेपणा कमिटीचा म्हणून सांगितला. जानराव मागं चपलांपाशी उभा होता. आपली जाळी तिथं असती तं हा माणूस काय बोलला असता, हे मनात आणून तो दात खाऊन राहिला होता.

मशीनचा आकडा संघमित्रानं पहिल्यासारखा केला. या खेपेले माप मनहरणनं घेतलं, जानरावनं घेतलं, मनहरणच्याच टेपनं, अन् मंग सुनितानं घेतलं, कोणी सांगितलं नसताना. फुकटच्या सॉफ्टवेअरवरच नक्षी पुन्हा उघडली. दोन पानाचे देठ जानरावले आधीपासून खटकत होते, ते त्यानं पोरीच्या बाजूले बसून स्वतः माउस धरून वळवले. माउसलेही शिव्या देल्या.

जाळी बसवाले नेली तो दिवस कोणताच नव्हता. सण नाही, पौर्णिमा नाही, मंगळवार होता का बुधवार. विहारात झाडू मारणारी बाई अन् वच्छलाबाई. मनहरणनं एक बाजू धरली, जानरावनं दुसरी. जाळी चौकटीत गेली. जोर लागला नाही, ठोका लागला नाही. चारी बाजूनं कागद जाईन एवढी फट, पावसाळ्यात लाकूड फुगते तेवढ्यासाठी सोडलेली.

मनहरणनं काठावरून बोट फिरवलं. मंग वच्छलाबाई म्हणाली, "आता तं हासा जानरावभाऊ."

"हासू काहाले? बसाची होती, बसली. अन् पाह्याले कोण आहे इथं? तो उद्घाटनाचा पाहुणा आला तवा मी चपला राखून राहिलो होतो!"

"तुम्हाले पाहुण्यानं पाह्याले पाह्यजे का बुद्धानं?"

"दोघायनं," जानराव म्हणाला. खोटं बोलाची त्याले सवय नव्हती.

तेवढ्यात शामरावची स्कूटर आली. त्यायच्या हातात पितळेची पाटी होती, नवी, चकचकीत. वर देणगीदार म्हणून कमिटीचं नाव अन् खाली अध्यक्ष म्हणून त्यायचं.

"वा जानराव, बसली की! मी म्हणतच होतो," शामराव म्हणाले. "ही तेवढी खाली कोपऱ्यात ठोकून घ्या. चारच स्क्रू. पानांवर येईल जराशी, पण दिसते छान."

मनहरणनं थैलीतून पेचकस काढला, कारण त्याले काम सांगितलं का तो हत्यार काढे. जानरावनं तो त्याच्या हातातून घेतला. जाळीपुढं येऊन, शामरावकडं तोंड करून, मांडी घालून फरशीवर बसला. सरळ बसला, तिरपा नाही; मागल्या खिशात आता पट्टी नव्हती.

"या," तो म्हणाला. "लावा स्क्रू."

शामरावनं एकदा पाटीकडं पाह्यलं, एकदा जानरावच्या नाकाकडं. मंग ती पिशवीत घातली, अन् फोन आला असावा तसा कानाशी फोन धरून पायऱ्या उतरून गेले. जानराव बसूनच होता. वच्छलाबाईनं दोनदा सांगितलं का ते गेले, उठा आता, कुलूप लावाचं आहे. तो म्हणाला, "लावा कुलूप."